मिस्साला किती माणसं आली, त्यावर लाईट आली

२०१८ च्या जुलैमध्ये आमच्या वसईत पाणी भरलं तेव्हा दोन-अडीच दिवस लाईट नव्हती, आणि ज्याच्या फोनमध्ये थोडंफार चार्जिंग उरलं होतं तो ग्रुपवर एकच गोष्ट विचारत होता, "तुमच्याकडे आली का?" आमच्या आळीतली दोघं-तिघं गुडघाभर पाण्यातून वीजवाल्यांच्या ऑफिसात गेली तर तिथल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "तुमच्या भागातनं कंप्लेंटी किती आल्यात?" आता लाईट नाही, फोन बंद, कंप्लेंट करणार कशाने, पण ते असो. तेव्हा राग आला होता. नंतर २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळात बुडालेल्या, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या एका व्हिएतनामी वस्तीबद्दल वाचलं आणि कळलं की हा प्रश्न जगात सगळीकडे विचारतात, फक्त तिथल्या फादरकडे त्याचं उत्तर तयार होतं.

म्हणून ही केस नीट लिहून काढतोय. वादळानंतर "श्रद्धेने लोक तरले" असं आपण फार पटकन बोलून टाकतो. तरले म्हणजे नक्की काय झालं, कुणी कुणाला फोन केला, कुणी कुठल्या ऑफिसात काय कागद दिला, ते कोणी सांगत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

न्यू ऑर्लिन्स शहराच्या अगदी पूर्वेच्या टोकाला व्हिलेज द लेस्ट म्हणून एक भाग आहे, पण तिथली माणसं त्याला व्हर्साय म्हणतात, कारण १९७५ ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हातात पडल्यावर व्हिएतनामहून आलेल्यांना पहिल्यांदा जिथे घरं मिळाली त्या अपार्टमेंटचं नाव व्हर्साय आर्म्स होतं (राजवाडा वगैरे काही नाही, साध्या भाड्याच्या खोल्या). न्यू ऑर्लिन्सचे तेव्हाचे आर्चबिशप फिलिप हॅनन यांनी या लोकांना बोलावून घेतलं, कॅथोलिक संस्थांनी घरं-कामं बघून दिली, एक कुटुंब आलं की त्याने भावाला बोलावलं, भावाने मेव्हण्याला, तसं करत करत हजारोंची वस्ती झाली. दमट हवा, खाडी, कोळंबी, तांदूळ, सगळं ओळखीचं. १९८३ मध्ये त्यांचं स्वतःचं धर्मग्राम (एका चर्चखालची वस्ती, पॅरिश) झालं, मेरी क्वीन ऑफ व्हिएतनाम. एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो कारण पुढे लागेल, या भागात व्हिएतनामी लोक बहुसंख्य नव्हते. निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीय कुटुंबांची होती.

आता या माणसांचा मागचा इतिहास बघा. यातली बरीच मंडळी मूळची उत्तर व्हिएतनाममधल्या बुई चु आणि फात दिएम या कॅथोलिक पट्ट्यातली. १९५४ ला देशाचे दोन तुकडे झाले तेव्हा कम्युनिस्ट राजवटीच्या भीतीने ही माणसं दक्षिणेत पळाली, आणि एकेकटी नाही पळाली तर फादरसकट गावंच्या गावं होडीत बसली आणि दक्षिणेत उतरून परत त्याच गावाची माणसं एकत्र राहिली. १९७५ ला परत तेच, यावेळी अमेरिका. म्हणजे ज्या म्हातारीने २००५ चं वादळ बघितलं तिचं घर आयुष्यात तिसऱ्यांदा गेलं होतं. अशा माणसाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असते, घर म्हणजे भिंती नव्हेत, शेजारी कोण आहे ते बघायचं. आणि शेजारी परत कसे जमवायचे याची त्यांना सवय होती, सवय म्हणजे अक्षरशः सराव.

२९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना वादळ लुईझियानाच्या, म्हणजे न्यू ऑर्लिन्स ज्या राज्यात आहे त्याच्या, किनाऱ्यावर आदळलं. शहर वाऱ्याने तेवढं मेलं नाही जेवढं बंधारे फुटल्याने मेलं, शहराचा जवळजवळ ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. मृतांचा आकडा बरीच वर्षं १८३३ सांगत होते, २०२३ मध्ये तो नीट तपासून १३९२ वर आणला. व्हर्सायमध्ये घरांत पाणी शिरलं, छपरं उडाली, पण हा भाग जुन्या बायूच्या (संथ पाण्याच्या ओढ्याच्या) काठाच्या थोड्या उंचवट्यावर असल्याने शहरातल्याच लोअर नाइन्थ वॉर्ड या भागासारखी घरंच्या घरं वाहून गेली असं इथे झालं नाही. हेही लक्षात ठेवा, कारण नुसत्या श्रद्धेच्या गोष्टी सांगणारे हे हमखास गाळतात.

लोक पांगले. बरेच जण टेक्सासला, त्यातही ह्यूस्टनला, कारण तिथे व्हिएतनामी लोकांची मोठी वस्ती आहे, आणि तिथला हाँगकाँग मॉल म्हणजे या विस्थापितांचा नाकाच झाला, कोण कुठे आहे ते तिथे उभं राहिलं की कळायचं. कॅटरिनाच्या लोकांना सरकारने जिथे जिथे नेऊन ठेवलं त्यात आर्कान्सामधला फोर्ट चॅफी हा लष्करी तळही होता. आणि १९७५ मध्ये व्हिएतनामहून आलेल्या हजारो निर्वासितांना पहिल्यांदा जिथे ठेवलं होतं त्या तळांपैकी एक हाच फोर्ट चॅफी. तीस वर्षांनी तीच जागा, तशाच खाटा.

आता फादर व्हिएन न्गुयेन. हे तेव्हा तिथले मुख्य धर्मगुरू. पाणी भरल्यावर ते काही एका जागी बसले नाहीत, टेक्सास-आर्कान्सातल्या छावण्या फिरत सुटले, आपली माणसं शोधत. भेटलेल्यांचे फोटो काढायचे आणि पुढच्या छावणीत दाखवायचे, की हा बघ तुझा काका, ही बघ तुझ्या मावशीची मुलगी, जिवंत आहेत. व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं तेव्हा. कॅमेरा हाच ग्रुप.

आणि इथे धर्मग्रामची रचना कामाला आली. आमच्या वसईच्या लोकांना वेगळं सांगायला नको, धर्मग्राम म्हणजे फक्त चर्चची इमारत नसते, त्याचे विभाग असतात, प्रत्येक विभागाचा कोणीतरी प्रमुख असतो, कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाचं लग्न ठरलंय, कोणाच्या घरी वाटणीवरून बोलाचाली बंद आहेत ते त्याला माहिती असतं. मेरी क्वीनलाही असे झोन होते आणि त्यांचे प्रमुख. सरकारी यादीत एक माणूस म्हणजे एक नंबर, झोनप्रमुखाच्या यादीत तो अमक्याचा जावई असतो, त्यामुळे एकाचा फोन लागला की दहा घरांचा पत्ता लागतो.

परत यायचं की नाही याचा पेच कुठे असतो माहितीये का, पैशात तर असतोच, पण त्याच्याही आधी एका साध्या प्रश्नात असतो, बाकीचे येणार का? मी एकटाच चिखलातलं घर साफ करून बसलो आणि समोरचा आलाच नाही, दुकान उघडलंच नाही, शाळा सुरूच झाली नाही, तर मी काय करू तिथे. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत बसतो आणि शेवटी कोणीच येत नाही. ही वाट बघायची साखळी कोणीतरी तोडावी लागते. फादरनी छावण्या फिरून जे सांगितलं ते देवाचं वचन कमी आणि माहिती जास्त होती: अमुक तारखेला मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) आहे, अमके अमके येतायत.

तारीख होती ९ ऑक्टोबर २००५, रविवार. वादळाला सहा आठवडेसुद्धा पूर्ण झालेले नाहीत, वीज नाही, नळाला पाणी नाही, आणि शहराच्या त्या भागात लोकांना दिवसा येऊन घर बघून जायची परवानगी, राहायची नाही. तीनेकशे माणसं आली. पुढच्या रविवारी पाचशेच्या घरात. तिसऱ्या रविवारी, २३ ऑक्टोबरला, बाहेरच्या लोकांनाही आमंत्रण होतं आणि दोन हजारांच्या वर माणूस जमलं. त्या पहिल्या मिस्साचं दृश्य डोळ्यापुढे आणा, छताचं काम अर्धवट, भिंतींना पाण्याचा वास, आणि लोक एकमेकांना सहा आठवड्यांनी पहिल्यांदा बघतायत. मिस्सा संपल्यावर पटकन कोण घरी जाणार, आणि घर तरी कुठे होतं. बाहेर भाताचं पातेलं, आणि "तुझं छप्पर राहिलं का?" "माझ्याकडे शिडी आहे, उद्या येतो." वस्तीत सुतार होते, प्लंबर होते, इलेक्ट्रिशियन होते, एक टोळी करून एकेक घर घेत सुटले. सुरुवातीला कित्येक जण चर्चच्या आवारातच झोपायचे.

आता लाईट. वीज कंपनीची अवस्था वाईट होती, वादळानंतर महिन्याभराच्या आत तिने दिवाळखोरीचा अर्ज केला होता, त्यामुळे त्यांचं म्हणणं सरळ होतं, लाईन चालू करायला खर्च आहे, तिकडे बिल भरणारी माणसं आहेत का ते दाखवा. बाकीच्या वस्त्या इथेच अडकल्या, कारण माणसं यायला लाईट पाहिजे आणि लाईट यायला माणसं पाहिजेत. फादरनी मिस्साचे फोटो काढले होते. तुडुंब भरलेलं चर्च, चेहरे दिसतायत. ते फोटो घेतले, वर लोकांच्या सह्यांचे अर्ज घेतले, पाचशेच्या आसपास, नाव-पत्त्यासकट, आणि कंपनीपुढे ठेवले, की ही घ्या तुमची गिऱ्हाईकं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हर्सायमध्ये लाईट आली. न्यू ऑर्लिन्स ईस्टच्या, म्हणजे शहराच्या त्या पूर्वेकडच्या पट्ट्याच्या, बाकी भागात कित्येक महिने अंधार होता.

मला या केसमध्ये सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. रविवारच्या मिस्साची हजेरी हा पुरावा म्हणून वापरता येतो हे कुणाच्या डोक्यात येईल? चर्चमध्ये लोक देवासाठी आले होते हे खरंच, त्यात शंका नाही, पण त्याच वेळी तिथे शिरगणती झाली, हजेरी लागली, आणि प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी बघितलं की दुसरे आलेत. एका दगडात किती पक्षी मारले ते तुम्हीच मोजा.

मग नकाशाचा घोळ झाला. महापौर रे नेगिन यांनी नेमलेल्या समितीने शहर परत कसं बांधायचं याची योजना केली, आणि ११ जानेवारी २००६ ला पेपरात एक नकाशा छापून आला ज्याच्यावर काही सखल भागांवर मोठे हिरवे ठिपके होते. म्हणजे इथे बाग, तलाव, मोकळी जागा. तिथे राहणाऱ्यांनी नाश्ता करताना पेपर उघडला आणि आपल्या घरावर हिरवा ठिपका बघितला! सगळ्या खोलगट वस्त्यांना सांगितलं गेलं की काही महिन्यांत सिद्ध करा तुमचा भाग परत जगण्यालायक आहे. शहरभर एवढा गदारोळ झाला की नेगिन यांना मागे यावं लागलं. व्हर्सायची मंडळी त्या काळातल्या मीटिंगांना गेली ती बसमधून घोळक्याने, आणि सांगायला त्यांच्याकडे एकच होतं, आम्ही परत आलोयत, सिद्ध काय करायचं, येऊन बघा. चर्चच्या शेजारच्या जागेत सरकारी ट्रेलरची वसाहत उभी राहिली, दोनशेच्या आसपास ट्रेलर, ज्यांची घरं अजून नीट झाली नव्हती अशांसाठी, त्यात म्हातारी माणसं बरीच.

आणि मग फेब्रुवारी २००६ मध्ये महापौरांनी आणीबाणीचे अधिकार वापरून, झोनिंगचे (कुठल्या जागेवर काय करता येतं त्याचे) नियम बाजूला ठेवून, शेफ मेंटूर हायवेवर डंपिंग ग्राउंडला परवानगी दिली. व्हर्सायपासून दोन मैलांच्या आत, आणि बाजूला बायू सॉव्हाज हे राष्ट्रीय अभयारण्य. शहरभरच्या पडलेल्या घरांचा सगळा कचरा इथे येणार, खाली प्लास्टिकचं अस्तरसुद्धा नाही. पडक्या घरांच्या कचऱ्यात काय नसतं, रंगाचे डबे, कीटकनाशकं, भिजलेले फ्रीज, बुरशी. आणि त्याच भागातल्या कालव्याच्या पाण्यावर म्हाताऱ्या बायका भाजी पिकवायच्या.

भाजीबद्दल थोडं थांबतो, वसईच्या माणसाला पुढे जाववत नाही. या वस्तीत १९७५ नंतर आलेल्या आजी-आजोबांनी परसात आणि कालव्याच्या कडेच्या मोकळ्या पट्टीत वाफे काढले होते. कारली, दुधी, अळूचे दांडे, नाना तऱ्हेचे सुगंधी पाले, पाण्यात वाढणारी एक पालेभाजी. शनिवारी उजाडायच्या आधी बाजार भरायचा, जमिनीवर कापड अंथरून, डोक्याला ती टोकदार टोपी, उकिडवं बसून जुड्या बांधायच्या. आमच्याकडच्या बायका पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन मुंबईला जायच्या, तेच चित्र. फक्त भाषा वेगळी. अशा बाईला तुम्ही सांगा की तुझ्या वाफ्याच्या वरच्या अंगाला डंपिंग होतंय.

इथे वस्तीत एक बदल झाला. जी पिढी कम्युनिस्ट सरकारला घाबरून पळून आली होती तिला सरकारच्या दारात बोर्ड घेऊन उभं राहणं हा प्रकार काही झेपणारा नव्हता, तीस वर्षं ही माणसं खाली मान घालून कामाला गेली आणि रविवारी चर्चला. आता त्याच आजी-आजोबांनी सिटी हॉलसमोर घोषणा दिल्या, आणि इंग्लिश येणारी नातवंडं शेजारी उभी राहून भाषांतर करत होती. त्यातूनच २००६ मध्ये तरुणांची वायला नावाची संघटना निघाली आणि त्याच वर्षी धर्मग्रामच्या पाठबळावर एक विकास संस्थाही रजिस्टर झाली. आंदोलनात शेजारची कृष्णवर्णीय कुटुंबं होती, पर्यावरणवाले होते. इतकी वर्षं एकाच रस्त्यावर राहून ज्यांची फारशी बोलाचाली नव्हती ते कचऱ्यामुळे एकत्र बसले. १५ ऑगस्ट २००६ ला डंपिंग बंद झालं. आधी टाकलेला कचरा मात्र तिथेच राहिला, तो काही कुणी उचलून नेला नाही.

ज्यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी वसईत हरित वसईचं आंदोलन बघितलंय, फादर फ्रान्सिस दिब्रिटो विरुद्ध बिल्डर लॉबी वगैरे, त्यांना झगा घातलेला फादर मोर्चात पुढे हे काही नवीन नाही. तेव्हा आमच्याकडेही काही लोक म्हणायचे, फादरने चर्च सांभाळावं, हे कशाला. व्हर्सायच्या फादरलाही कुणी ना कुणी हे म्हटलं असणारच, माझी खात्री आहे, पुरावा काही नाही.

आकड्यांवर येतो. २००७ च्या सुमारास व्हर्सायमधली नव्वद टक्क्यांच्या आसपास व्हिएतनामी माणसं परत आली होती असं अभ्यासकांनी लिहिलंय, आणि त्याच भागातल्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांमधले निम्मेही नव्हते आले. या आकड्यावरून मग अमेरिकेत भरपूर लेख आले, बघा कष्टाळू, श्रद्धाळू, कुणापुढे हात न पसरणारे लोक. मला हे सगळं ऐकताना जरा त्रास होतो. कृष्णवर्णीय कुटुंबांची श्रद्धा काय कमी होती? त्या शहरात चर्चला जाणारी माणसं त्यांच्याइतकी क्वचितच कोणी असतील. फरक दुसरीकडे होता. त्यांच्या कित्येक चर्चचे सभासद शहरभर विखुरलेले, रविवारी गाडीने येणारे, त्यामुळे चर्च परत उघडलं तरी गल्ली परत उघडत नाही. मेरी क्वीनला येणारा माणूस बहुतेक करून चालत जाण्याच्या अंतरावर राहायचा. वर कृष्णवर्णीयांतले कित्येक जण भाड्याच्या घरात, घरमालकाने दुरुस्तीच नाही केली तर भाडेकरू परत येणार कुठे. आणि नुकसानभरपाईच्या सरकारी योजनेत घराच्या वादळाआधीच्या बाजारभावावर रक्कम ठरायची, कृष्णवर्णीय वस्तीत तो भाव आधीच पाडलेला, तर पैसेही कमी, त्यावरून पुढे कोर्टकचेरी झाली. ज्याच्याकडे आधीपासून गाठोडं बांधायची दोरी होती त्याने गाठोडं लवकर बांधलं, इतकंच. ती दोरी चर्चने दिली हे मी मान्यच करतो. बौद्ध कुटुंबंही होती वस्तीत, तीही आली परत, फादरच्या यादीमुळे त्यांचीही लाईट आली. मीटर धर्म विचारत नाही.

पुढचं भराभर सांगतो. डिसेंबर २००८ मध्ये याच धर्मग्रामाशी जोडलेले वकील जोसेफ काओ अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात निवडून आले, पहिले व्हिएतनामी अमेरिकन, तेही कृष्णवर्णीय बहुसंख्य मतदारसंघातून, समोरच्यावर लाचखोरीचा खटला होता म्हणून जमलं, आणि २०१० ला पडले. डंपिंगच्या लढाईनंतर वस्तीने एक मोठं स्वप्न बघितलं होतं, २८ एकरांची सामूहिक शेती, बाजार, कोंबड्या, आजी-आजोबांसाठी वाफे, सगळं आखलेलं. लँडस्केपवाल्यांनी केलेल्या त्या आराखड्याला बक्षीससुद्धा मिळालं. जमीन पाणथळ निघाली, परवानग्यांचे नियम आडवे आले, पैसा जमेना. आराखडा कागदावरच राहिला. याबद्दल लेख कमी सापडतात, मिस्साच्या फोटोबद्दल भरपूर सापडतात.

आणि एप्रिल २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलाची विहीर फुटली. कोळंबी पकडणाऱ्यांत व्हिएतनामी लोकांचा हिस्सा मोठा, मासेमारी बंद झाली, होड्या धक्क्याला बांधलेल्या. यावेळी पाणी घरात नव्हतं आलं, कामच गेलं होतं, आणि छप्पर दुरुस्त करायला टोळी करून चालणार नव्हतं. त्या विकास संस्थेने बेकार झालेल्या मच्छीमारांना आणि म्हाताऱ्या बागायतदारांना एकत्र बसवलं, आणि त्यातून भाजीवाल्यांची एक सहकारी संस्था निघाली. २८ एकर नाहीत, छोटे छोटे तुकडे, पण आजींना जे तीस वर्षं येत होतं तेच जाळी टाकणाऱ्या माणसाला शिकवलं, बी कधी टाकायचं, पाल्याची जुडी किती जाडीची बांधायची. सकाळी कापलेला माल शहरातल्या हॉटेलांत जायला लागला. जाळ्याच्या गाठी मारायची सवय असलेल्या हाताला जुडी बांधायला शिकवावी लागली असेल असं मला काही वाटत नाही, पण आजींनी शिकवलीच असणार.